नकलेत नसलेले वाक्य

ती निळी फाइल मला आजही जशीच्या तशी आठवते. प्लॅस्टिकची, बटण लावायची. आत एकोणीस कागद आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि वेळ. पोलीस ठाण्यात ऑनलाइन बदनामीची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "बघा साहेब, ह्यात हाय सगळं." मग ते 'सगळं' आपण शोधत बसायचे. इथे सगळे क्रमाने लावलेले होते. मला स्वतःला याद्या करायची सवय. काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कोणाला विचारायचे, असे तीन रकाने खिशातल्या डायरीत आखल्याशिवाय मी सकाळी खुर्चीत बसत नसे. त्यामुळे फाइल आणणारा माणूस मला बघताक्षणी आवडला. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पुढे काही वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गावाचे नाव आणि माणसांची नावे मी लिहिणार नाही. जिच्यावर अन्याय झाला तिला आणि ज्याने तो केला त्याला, दोघांनाही त्याच गावात राहायचे आहे.

फाइल आणणारे गृहस्थ गावच्या हौशी नाट्यमंडळाचे चिटणीस होते; तालमीही तेच घेत. खताचे दुकान, पन्नाशी ओलांडलेली, इस्त्रीचा शर्ट. मंडळ दरवर्षी जत्रेच्या तिसऱ्या दिवशी नाटक करते. अणदूर, जळकोटपासून माणसे ट्रॅक्टर भरून येतात. स्त्रियांची कामे तोवर पुरुषच करत. गेली पंचवीस वर्षे मुख्य स्त्रीची भूमिका गावातले टेलर मास्तर करत आले होते. त्या वर्षी तरुण मुलांनी आणि बचत गटाच्या बायकांनी विषय काढला की बाईचे काम बाईने करावे. जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका, त्याच गावच्या सूनबाई, तयार झाल्या. त्यावरून गावात दोन तट पडले. इथपर्यंत पोलिसांचा काही संबंध नव्हता. वाद हा गावाचा हक्कच आहे.

मग फेसबुकवर 'गावचा पहारेकरी' नावाचे खाते उघडले गेले. चेहरा नाही, नाव नाही. पहिली पोस्ट नुसती टोमण्याची होती. पाचव्या-सहाव्या पोस्टपासून बाईंच्या चालण्याबोलण्यावर, नेसण्यावर, शाळेतून त्या किती वाजता निघतात यावर लिहिले जाऊ लागले. पुढचे मी इथे लिहिणार नाही.

"साहेब, मी बाईंच्या बाजूचा," चिटणीस म्हणाले. "बैठकीत पहिला हात मी वर केला होता. म्हणून तर हे कागद काढून आणले."

"संशय कोणावर?"

"मी कशाला कुणाचं नाव घेऊ?" त्यांनी फाइलचे बटण लावले. "पण पंचवीस वर्षं ज्यानं लुगडं नेसलं, त्याच्या अंगावरचं ते यंदा काढून घेतलं. माणसाला काय वाटत असेल, तुम्हीच बघा."

मी डायरीत लिहिले: टेलर मास्तर. खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका आल्या. सोबत सासरे, धोतर-सदरा, हातात काठी. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, बसायचे की निघायचे हे ठरलेले नसल्यासारख्या.

"फिर्याद द्यायची का?" मी विचारले.

"तेच कळेना झालंय, साहेब. दिली तर बोभाटा वाढणार. नाही दिली तर तो थांबणार नाही."

"लिव्हा साहेब," सासरे म्हणाले. "आमची सून नाटकात काम करतीया. चोरी करत न्हाय."

"मामा, तुम्ही जरा थांबा."

"थांबतो की. म्या बोललो का काय? लिव्हा म्हणलो फकस्त."

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. बदलीचा अर्ज होता. परंडा तालुक्यातल्या तीन शाळा त्यात भरलेल्या होत्या. सही तेवढी राहिली होती. अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर आली होती.

"माझी मुलगी सहावीत आहे, माझ्याच शाळेत," त्या म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत एका मुलीनं ती पोस्ट वर्गात मोठ्यानं वाचली. तीन दिवस झाले, पोरगी शाळेत आली नाही. मी दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवते आणि माझं लेकरू घरात तोंड झाकून बसलंय. नाटक मी सोडायला तयार आहे, साहेब. पण नाटक सोडून भागत नाही आता. गावच सोडावं लागेल."

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे स्पष्ट झाले. खाते कोणाचे हे शोधणे हे काम होतेच. पण खरे काम पंधरा दिवसांच्या आत करायचे होते, त्या कागदावर सही होण्याआधी.

त्या काळात जुनी दंड संहिताच लागू होती. तिच्या कलमांखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मी गुन्हा नोंदवला. जिल्ह्याच्या सायबर शाखेला त्याच दिवशी पत्र गेले. त्यांनी कंपनीकडे माहिती मागवली आणि मला फोनवर प्रामाणिकपणे सांगितले, "साहेब, उत्तर कधी येईल सांगता येत नाही." म्हणजे यंत्रावर विसंबून चालणार नव्हते.

आता दुसरी चूक. ती मी कोणाच्या माथी मारू शकत नाही.

मी टेलर मास्तरांना ठाण्यात बोलावले, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी. खरे तर त्या दिवशी माझी निम्मी माणसे बंदोबस्ताला बाहेर असतात. चौकशीसाठी तो दिवस मी कधी धरत नसे. पण पंधरा दिवस डोक्यात होते. बीटचा हवालदार मास्तरांना त्यांच्या दुकानातून भर बाजारातून चालवत घेऊन आला. सगळ्या हद्दीने पाहिले.

मास्तर साठीच्या आतबाहेरचे. बारीक अंग, पांढरी दाढी, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. गावातले मुसलमानाचे जुने घर. दारात येताच एक शिपाई म्हणाला, "काय मास्तर, आज लुगडं न्हाय व्हय?" दोघे हसले. मी ऐकले आणि काही बोललो नाही. हेही लिहून ठेवतो, कारण त्या दिवशीच्या डायरीत ते लिहिलेले नाही.

"फेसबुक वापरता?"

"पोरानं घालून दिलंय. शिवणाची डिझाइनं बघतो."

"पोस्ट टाकता?"

"साहेब, मला हातानं लिहिता येतं. त्या फोनवर लिहाया गेलो की एका ओळीला निम्मा ब्लाउज शिवून होतो."

मला हसू आले नाही. मी त्यांचा मोबाइल मागून घेतला, टेबलावर ठेवला, नोंद करवली. तीन तास बसवून ठेवले. पार्ट गेल्याचा राग आला का, असे विचारले.

"आला की."

"मग?"

"मग काय साहेब? राग आला म्हणजे गुन्हा झाला व्हय?"

दुपारी बाराच्या सुमारास बीट हवालदार आत आला आणि त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. 'गावचा पहारेकरी'ने नवी पोस्ट टाकली होती: खरा चोर ठाण्यात बसला आहे, गावकऱ्यांनी ओळखून घ्यावे. पोस्ट दहा मिनिटांपूर्वीची होती. मास्तर माझ्यासमोर बसलेले, त्यांचा मोबाइल माझ्या टेबलावर बंद करून ठेवलेला, आणि त्यांचे बोट टेपच्या टोकाशी चाळा करत होते.

मी मोबाइल परत दिला, जायला सांगितले. माफी मागितली नाही. "गरज पडली तर पुन्हा बोलावू," एवढेच म्हणालो. ते आमचे ठरलेले वाक्य आहे. पण बाजारात बातमी पोचली होती. दोन गिऱ्हाइकांनी न शिवलेले कापड परत नेले. चौकात कोणीतरी 'त्यांचे लोक' आणि 'आपल्या बाया' असली भाषा सुरू केली. ही भाषा कुठे जाते ते पोलिसाला सांगावे लागत नाही. मी सरपंच, पोलीस पाटील आणि दोन्हीकडच्या चार जाणत्या माणसांना बोलावून समज दिली, संध्याकाळची गस्त वाढवली. आणि मनात म्हणालो, ही आग मीच लावली आहे.

दोन दिवसांनी मास्तर स्वतःहून ठाण्यात आले.

"बोलावलं न्हाय तरी आलो, साहेब. एक अर्ज हाय."

"कसला?"

"माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला वाचू तर द्या. आरोप माझ्यावर, आणि सगळ्या गावानं वाचलं, मीच न्हाय वाचलं."

बोलणे बरोबर होते. मी निळी फाइल पुढे केली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, लावला आणि वाचू लागले. ओठ हलत होते; भूमिका पाठ करणारा माणूस वाचतो तसे. काही पानांवर त्यांनी मान हलवली. एकदा "तोबा" म्हणाले. अकराव्या कागदावर ते थांबले आणि मागे जाऊन पुन्हा वाचला.

त्या पोस्टमध्ये गावातल्या म्हाताऱ्या माणसांना उद्देशून लिहिले होते की ही बाई आता साऱ्या जत्रेसमोर उभी राहून तुम्हाला म्हणणार, 'तुमच्या पागोट्याखाली डोकं असतं, तर मला उंबरा ओलांडावा लागला नसता.' पुढे नेहमीची घाण.

"हे वाक्य कुठनं आलं?" मास्तरांनी विचारले.

"नाटकातलं असेल."

"नाटकातलं हाय. पण नकलेत न्हाय."

नक्कल म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावले. अशा मंडळांत अख्खे नाटक प्रत्येकाला देत नाहीत. ज्याची जी भूमिका, तिची तेवढी वाक्ये आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द एका छोट्या वहीत उतरवून देतात. ती त्या नटाची नक्कल. संपूर्ण नाटक एकाच मूळ वहीत असते.

हे नाटक गावातल्याच एका दिवंगत गुरुजींनी लिहिलेले. दुष्काळात पाटील धान्याची कोठी उघडत नाही, तेव्हा त्याची बायको भर चावडीत येऊन किल्ली गावापुढे टाकते, असा विषय. पंचवीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा बसवले तेव्हा पाटलिणीचे काम मास्तरांनीच केले होते. त्यांचा तो पहिला पार्ट. आणि आता तेच नाटक पुन्हा घेतले होते.

"त्या वर्षी पुढच्या रांगेत गावचं एक म्हातारं पागोटं घालून बसणार होतं," मास्तर म्हणाले. "निवडणुकीत पडलेलं. सगळा गाव त्याला हसत व्हता. तालमीत हे वाक्य आलं तसं म्या गुरुजींना म्हणलो, हे म्या बोलणार न्हाय. वाक्य लई जोरदार हाय, पण त्या म्हाताऱ्याच्या छातीत बसंल. गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मग लाल शाईनं रेघ मारली. स्टेजवर ते वाक्य कधी आलंच न्हाय, साहेब. कुठल्याच नकलेत न्हाय. त्या वक्ताला तालमीला चौघं होतो. तिघं मातीत गेले."

"म्हणजे हे वाक्य आज कोणाला माहीत आहे?"

"दोघांना. एक मला." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "दुसरं, ज्याच्याकडं वही हाय त्याला."

संशयित माणूस ठाण्यात येतो आणि संशय दोन माणसांवर आणून ठेवतो, त्यातला एक स्वतः. गुन्हेगार असे कधी करत नाही.

मी त्यांच्यासमोरच बाईंना फोन लावला. नकलेत हे वाक्य आहे का?

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्यानं मनानंच काहीतरी लिहिलंय."

"तुमचं आणि टेलर मास्तरांचं बोलणं आहे का?"

"म्हणजे काय? तेच तर शिकवतात मला. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी घरी आले आणि दारातच म्हणाले, बाई, तुम्ही माझा पार्ट घेतला, मला तुमचा लई राग आलाय, सांगून जावं म्हणून आलो. मी म्हटलं, मग शिकवा मला. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हते, कारण मी विचारले नव्हते. माझ्या याद्यांत कोण, केव्हा, कोणत्या फोनवरून, हे सगळे होते. काय लिहिले आहे, हा रकानाच नव्हता. ते एकोणीस कागद मी वीसेक वेळा चाळले असतील, पण घाण वाचताना आपण नकळत मान फिरवतो. मास्तरांनी मान फिरवली नाही. त्यांनी ते नाटकाच्या माणसासारखे ओळ न ओळ वाचले.

वही चिटणिसांकडे होती. मी त्यांना रीतसर नोटीस देऊन बोलावले आणि मंडळाचे दप्तर सोबत आणायला सांगितले. या वेळी बाजाराचा दिवस टाळला. महिला हवालदार शेजारी बसवली.

"मूळ वही कोणाकडे असते?"

"मंडळाकडे. म्हणजे... अधूनमधून मास्तरही नेतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडेच होती."

मी दप्तर उघडले. मंडळाच्या सामानाची नोंदवही होती: लाकडी तलवारी, मुकुट, दाढ्या, पडदे, कोणते सामान कोणी केव्हा नेले, केव्हा परत आणले, पुढे सही. सुरेख अक्षर, समासाची रेघ पट्टीने मारलेली. मूळ वहीच्या पुढे सहा वर्षांत एकच सही, चिटणिसांची. खोटी नोंद करण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. एक यादीवाला दुसऱ्या यादीवाल्याला ओळखतो. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

मी निळ्या फाइलमधला अकरावा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"वाचा."

"वाचलंय, साहेब. मीच तर आणून दिला."

"मोठ्यानं वाचा. तालमीत तुम्ही पोरांना सांगता ना, वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे? मग जाऊ द्या शेवटच्या रांगेपर्यंत."

त्यांनी महिला हवालदाराकडे पाहिले. कागद उचलला. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीत बाईंच्या नेसण्याविषयी होते. आवाज खाली गेला.

"ऐकू येत नाही."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि तिथेच अडकले. कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. बाहेर ठाणे अंमलदार कोणाला तरी रहदारीचे कलम समजावत होता, तेवढा आवाज येत होता.

"वीस वर्षं मी दिग्दर्शन केलं," ते शेवटी म्हणाले. "पोरं म्हणाली, यंदा बाईंनाच दिग्दर्शनही करू द्या, त्या शिकलेल्या आहेत. माझ्यादेखत म्हणाली. मी नको म्हणालो असतो तर मागासलेला ठरलो असतो. म्हणून सगळ्यांच्या आधी हात वर केला. घरी आलो आणि झोप लागेना. जुन्या फोनवर ते खातं काढलं. पहिली पोस्ट साधीच होती, साहेब. तिला चाळीस लोकांनी अंगठा दिला. त्यात शाळेतले मास्तर होते, माझे दोन भाचे होते. वाटलं, चला, मी एकटा नाही."

"आणि टेलर मास्तरांचं नाव?"

"ते... कुणाचं तरी द्यायला पाहिजे होतं."

"आणि हे वाक्य का घातलंत?"

त्यांनी कागद पुन्हा सरळ केला. मग म्हणाले, "अख्ख्या नाटकात मला तेच सगळ्यात आवडतं. पहिल्या प्रयोगाच्या वेळी मी लातूरला नोकरीला होतो. वाटलं, तेव्हा म्हटलं गेलं असेल, म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. लाल रेघ नंतरची असेल."

जुना मोबाइल दुकानाच्या गल्ल्याखालून पंचांसमक्ष जप्त केला. पुढे सायबर शाखेचे उत्तर आले, तेही त्याच मोबाइलशी जुळले. दोषारोपपत्र दाखल केले. तिथून पुढचे काम न्यायालयाचे. त्यावर मी बोलत नाही.

माझे एक काम मात्र राहिले होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी, बरोबर अकरा वाजता, मी वर्दी घालून मास्तरांच्या दुकानात गेलो. सोबत तो 'लुगडं न्हाय व्हय' म्हणणारा शिपाई होता. बाजार थबकला. लोकांना वाटले, पुन्हा नेतात.

"मास्तर, माफी मागायला आलोय," मी मोठ्याने म्हणालो. "चूक माझी होती."

मास्तरांनी मशीनचे पायडल थांबवले. माझ्याकडे पाहिले, मग शिपायाकडे. "ह्यांची बी हाय का काही?"

शिपायाने टोपी काढली. "चुकलं, चाचा."

"बसा. चहा सांगतो." मग शिपायाला म्हणाले, "तुझ्या वर्दीची खांद्यावरची शिवण उसवलीया. काढ, दोन टाके घालतो. असलं घालून माफी मागत्यात व्हय?"

बाजार हसला. मला वाटते, चौकातली ती वाईट भाषा त्या हसण्यात विरून गेली. माझ्या गस्तीने जे झाले नसते ते दोन टाक्यांनी झाले.

पण अर्जावरची सही अजून टांगणीलाच होती. आरोपी सापडला म्हणून बाईंच्या मनातली भीती जात नव्हती. त्या मला म्हणाल्या, "त्या एकाचं कळलं, साहेब. पण अंगठा देणारे चाळीस जण कोण? ते रोज मला नमस्कार करतात." याला माझ्याकडे कलम नव्हते.

उपाय त्यांच्या सासऱ्यांनी काढला. देवळाच्या मंडपात बैठक बोलवा, म्हणाले, ज्याला जे बोलायचे ते बोलू द्या, अट एकच: उभे राहायचे, आपले नाव सांगायचे आणि बाईंकडे बघून बोलायचे. मी साध्या कपड्यांत मागे बसलो होतो. सुरुवातीला कोणी उठेना. मग पागोटे घातलेले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. नाव सांगितले, बापाचेही सांगितले.

"मला बायांनी नाटकात उतरलेलं पसंत न्हाय," ते म्हणाले. "आमच्या वक्ताला असलं नव्हतं. तुमी खुशाल करा. म्या बघाया येणार न्हाय. पण त्यानं जे लिवलं ते वंगाळ व्हतं. म्या त्याला अंगठा दिला व्हता. नातवानं दाबून दिला, पण बघून हसलो म्याच. ते चुकलं."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"आजोबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. तोंडावर सांगितलंत, हेच मला पुष्कळ आहे."

मग एकेक जण उठला. काही विरोधात बोलले, काही बाजूने. एकाने दिग्दर्शन कोणी करावे यावर तावातावाने मुद्दे मांडले आणि ते मला पटलेही. चिटणिसांचे दोघे भाचे मान खाली घालून उठले. त्या संध्याकाळी गावाचे एकमत झाले नाही. त्याची गरजही नव्हती. प्रत्येक मताला एक नाव मिळाले आणि बाईंना कळले की चाळीस जण म्हणजे चाळीस राक्षस नव्हेत. कोणी हसलेला आजोबा आहे, कोणी मामाच्या धाकातला भाचा. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी शाळेत गेली. अर्जाची मुदत संपली तेव्हा बाईंनी मला फोन केला. सही न केलेल्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी दुसऱ्या अंकातल्या पात्रांच्या हालचाली लिहून काढल्या होत्या.

जत्रेत मी बंदोबस्ताला होतो. पडद्यामागे मास्तर बाईंना नऊवारी चापून नेसायचे शेवटचे धडे देत होते. स्वतः हात न लावता, आपल्या बायकोकडून. "निऱ्या जरा वर घे. पाटलीण हाय, पाणी भराया न्हाय चालली." बाईंनी त्यांच्याकडे एक परवानगी मागितली होती: ते लाल रेघेचे वाक्य बोलू का? ते घाणीत वापरले गेले होते, त्यांना ते धुऊन परत आणायचे होते. मास्तर म्हणाले, "ते म्हातारं आता न्हाय. आणि जे हाय, त्याला तुम्ही तोंडावर उत्तर दिलंय. बोला."

चावडीचा प्रवेश आला. बाईंनी किल्ली हातात घेतली, पुढे आल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पागोट्याखाली डोकं असतं, तर मला उंबरा ओलांडावा लागला नसता."

पुढच्या रांगेतली पागोटी एकमेकांकडे वळली. आणि मागच्या बाजूला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या, येणार नाही म्हणालेल्या त्या आजोबांनी पागोटे काढले, टाळूवरून हात फिरवला आणि शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, "हाय की रं! म्या बघितलं." आधी ट्रॉली हसली, मग सगळे मैदान. बाईंनी ते हसू ओसरेपर्यंत थांबून पुढचे वाक्य घेतले. हे थांबणे मास्तरांनी शिकवलेले होते.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. निनावी लिहिणारा फार दूरचा नसतो. बहुधा तो आपल्याशी रोज बोलणारा, आणि मनातले एक वाक्य तोंडावर न बोलू शकलेला माणूस असतो. ते वाक्य त्याला वेळेवर, नावानिशी बोलता आले, तर पुढचे बरेचसे टळते. आणि तपास करणाऱ्याने शिवीसुद्धा नीट वाचावी. नीटनेटक्या कागदांवर भाळू नये, ते कोणीही आणलेले असोत.

चिटणीस कबूल झाले त्या दिवशी मी डायरीत उरलेल्या कामांची यादी केली होती. बहुतेक कामांपुढे बरोबरची खूण झाली. एकापुढे मी मुद्दाम केली नाही: 'मास्तरांचे आभार मानणे.' दर जानेवारीत नवी डायरी घेतो आणि ती ओळ पहिल्या पानावर उतरवून घेतो. मग त्या वर्षात कधीतरी एक सदरा शिवायला त्यांच्या दुकानात जातो.